वर्षाचा गहू किती भरावा?

चैत्र-वैशाखात गहू भरायचा, पण किती? जास्त झाला तर पावसाळ्यात किडे, कमी पडला तर माघात पुन्हा बाजार.

आम्ही इंदूरच्या सेवेकरी बायका सरळ पोळ्या मोजतो. एका पोळीला साधारण 30 ग्रॅम पीठ. आठ माणसं, प्रत्येकी दिवसाला सहा पोळ्या, म्हणजे रोज 1 किलो 440 ग्रॅम. वर्षाचा गहू झाला सव्वापाच क्विंटल. आल्यागेल्याचा धरून साडेपाच. सीहोरचा शरबती महाग पडतो, म्हणून तो अर्धा, बाकी लोकवन. पोळीत फारसं कळत नाही! (सासूबाईंना कळतं.)

गहू दाताखाली कट्कन फुटेपर्यंत वाळवा. गरम गहू मात्र कोठीत भरू नका, त्याच्याच वाफेने ओल धरते. रात्रभर निवू द्या, मग एरंडेल चोळा, दाण्याला चकाकी येईल इतकंच.

रवा, बेसन महिन्याचंच घ्या. गोवा-बेळगावकडच्या ताईंनी दमट हवा बघून गहूही थोडाथोडाच भरावा. एकदम पैसे काढणं जड जात असेल तर तीनदा घ्या, पण उधारीवर पोती नकोत.

या आठवड्यात पोळ्या मोजून आपापला आकडा ग्रुपवर टाका.