परदेशातली खोली : तिकिटाआधी शोधा

मित्रांनो, परदेशी शिक्षणाचा विषय निघाला की आपल्या होस्टेलवर चर्चा रंगते ती टॉफेलच्या मार्कांची आणि व्हिसाची. 'राहणार कुठे?' हे कुणी विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं. एकलहऱ्याला पहिल्याच दिवशी रेक्टर सरांनी रूम नंबर सांगितला, गॅलरीतून थर्मलच्या चिमण्या दिसल्या, झालं! राहण्याचा प्रश्न एवढाच असतो असं वाटायचं.

२०१६ साली मास्टर्ससाठी जर्मनीत आखेनला प्रवेश मिळाला. विद्यार्थी वसतिगृहाचा अर्ज करायला मी उशीर केला आणि वेटिंग लिस्टमध्ये अडकलो. तेवढ्यात इंटरनेटवर एक स्वस्त खोली दिसली. "मी सध्या परगावी आहे, दोन महिन्यांचं भाडं पाठवा, किल्ली कुरिअरने येईल," असा मालकाचा मेल आला. कांदापट्टीचे पैसे नुकतेच आले होते. त्यातून अण्णांनी ६४० युरो, म्हणजे तेव्हाचे साधारण ४८ हजार रुपये, पाठवले.

किल्ली आली नाही. आखेनला उतरल्यावर बॅगा ओढत त्या पत्त्यावर गेलो. इमारत खरी होती, पण दारातल्या बेलवर त्या माणसाचं नावच नव्हतं. साताऱ्याच्या एका सीनियरने स्वयंपाकघरात गादी टाकून दिली. तिथे तीन आठवडे काढले. अण्णांना फोनवर 'खोली छान आहे' असंच सांगत राहिलो.

त्यातून जे शिकलो ते असे :

१) जर्मनीत विद्यार्थी वसतिगृहे प्रामुख्याने 'श्टुडिरेन्डनवेर्क' या संस्था चालवतात. प्रवेशपत्र हाती पडताच अर्ज करा. मोठ्या शहरांत सेमिस्टरभरही थांबावं लागतं.

२) दुसरा मार्ग 'वे-गे'चा, म्हणजे तिघा-चौघांनी मिळून घेतलेला फ्लॅट. खोली आपली, किचन-बाथरूम सामाईक. तिथे राहणारेच नवीन माणसाची मुलाखत घेतात! (फोडणी देताना खिडकी उघडा, नाहीतर धुराचा अलार्म वाजतो.)

३) 'काल्टमीटे' म्हणजे नुसतं खोलीचं भाडं, 'वार्ममीटे' म्हणजे हीटिंग, पाणी वगैरे धरून. वीज आणि इंटरनेटचे वेगळे पैसे पडतात का, ते विचारून घ्या.

४) डिपॉझिट जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या 'काल्टमीटे'एवढं घेता येतं. ते तीन मासिक हप्त्यांत भरायचा भाडेकरूला कायद्याने हक्क आहे आणि पहिला हप्ता भाडेकरार सुरू होताना द्यायचा असतो. हे मला ठाऊक असतं तर तो मेल वाचूनच शंका आली असती.

५) राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नगरपालिकेत पत्त्याची नोंद करावी लागते. त्यासाठी घरमालकाचं लेखी पत्र लागतं. ते द्यायला जो का-कू करतो, त्याची खोली घेऊ नका. या नोंदीवाचून पुढची सरकारी कामं अडतात.

६) स्वतः किंवा ओळखीच्या माणसाने खोली पाहिल्याशिवाय पैसे पाठवू नका. खोली मिळाली नसेल तर पहिल्या काही दिवसांसाठी यूथ होस्टेल बुक करून जा.

आपल्याकडच्या थोरांनीही हेच दोन खात्रीचे मार्ग धरले होते. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये अमेरिकेला गेल्या, त्या न्यू जर्सीतल्या रोझेल गावी कार्पेंटर बाईंच्या घरी उतरल्या. पण त्याआधी काही वर्षे दोघींचा पत्रव्यवहार चालू होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले तेव्हा लिव्हिंग्स्टन हॉल या वसतिगृहात राहिले. तिथले त्यांचे सोबती नवल भथेना पुढे जन्मभराचे मित्र झाले. एक ओळखीचं घर, एक विद्यापीठाचं वसतिगृह.

अण्णांना खरं काय ते मी दोन वर्षांनी, गावी आल्यावर सांगितलं. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "पैशाचं जाऊ दे. एवढ्या थंडीत झोपत कुठं होतास?"

तेव्हा मित्रांनो, तिकीट काढण्याआधी खोलीचं बघा. आणि फसलातच, तर घरी त्याच दिवशी सांगा.