धोक्याचे मोजमाप : मास्क, लस आणि आपला विवेक

साथीच्या काळात माणसासमोर दोन प्रश्न उभे राहतात. माझ्या जिवाला धोका किती, आणि माझ्यामुळे इतरांना धोका किती? पहिला प्रश्न प्रत्येकाला आपोआप सुचतो. दुसऱ्यासाठी संस्कार लागतो. निवासी शाळेत एका छताखाली झोपणाऱ्या, एका पंगतीत जेवणाऱ्या मुलांना तर तो टाळताच येत नाही.

डॉ. हाफकिन यांनी मुंबईत तयार केलेली प्लेगची लस १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. त्यानंतर दोनच महिन्यांनी, १० मार्च रोजी, पुण्यात प्लेगग्रस्तांची सेवा करताना संसर्ग होऊन क्रांतिज्योती सावित्रीमाई फुले यांचे निधन झाले. दोघांनीही धोका पत्करला तो डोळसपणे, इतरांसाठी.

लस पूर्णपणे निर्धोक असते, असे आम्ही म्हणणार नाही. १९०२ साली पंजाबातील मुल्कोवाल गावी एकाच बाटलीतील लस टोचलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. कोविडच्या लसीनंतरही क्वचित रक्तात गुठळ्या झाल्याच्या नोंदी आहेत. परंतु तराजूला दोन पारडी असतात. लस न घेता आजार झाला तर काय, हे दुसऱ्या पारड्यात टाकावेच लागते. वार्धक्य, मधुमेह, हृदयविकार असेल तर कोविडने दगावण्याचा धोका अनेक पटींनी वाढतो आणि लस तो मोठ्या प्रमाणात कमी करते. आजीचे व नातवाचे गणित निराळे आहे, हे खरे. पण सुटी लागताच नातू आजीकडेच जातो. लस घेतलेल्यालाही संसर्ग होऊ शकतो. म्हणून खोकला-ताप असताना, बंद व गर्दीच्या जागी मास्क लावणे हे स्वतःइतकेच शेजाऱ्याचे रक्षण आहे.

नोव्हेंबर २०२१ मध्ये आपल्या जिल्ह्यात लसीची पहिली मात्रा घेतलेले सुमारे ५५ टक्के होते. राज्यात सुमारे ७४ टक्के. तेव्हा किमान एक मात्रा घेतल्याशिवाय रेशन, गॅस व पेट्रोल मिळणार नाही, असा आदेश जिल्हा प्रशासनाने काढला. हेतू लोकहिताचा होता; तथापि रेशन हा गरिबाच्या चुलीचा प्रश्न आहे. आदेशाने माणूस लसीकरण केंद्रापर्यंत येतो, त्याच्या मनातील शंका मात्र उत्तर मिळाल्यावरच मिटते. पुढे २ एप्रिल २०२२ पासून राज्यात मास्क ऐच्छिक झाला. सक्ती संपली आणि निर्णयाची जबाबदारी प्रत्येकावर आली.

तथागतांनी कालामांना हेच शिकविले : ऐकीव आहे म्हणून, परंपरा आहे म्हणून, गुरू सांगतो म्हणून काही स्वीकारू नका, हितकारक काय व अहितकारक काय, हे स्वतः पारखा. मोबाईलवर फिरणाऱ्या अफवांनाही हीच कसोटी लागू आहे. विद्यार्थी मित्रहो, प्रश्न अवश्य विचारा. पण ते जाणकार डॉक्टरांना विचारा आणि उत्तर मिळाल्यावर निर्णय लांबवू नका. बाबासाहेबांनी प्रज्ञेच्या जोडीला शील व करुणा सांगितली आहे. आपला धोका प्रज्ञेने मोजावा आणि शेजारच्या खाटेवरील मित्राचा धोका करुणेने आपला मानावा, हीच या शाळेची शिकवण आहे.