प्रथमफळांची टोपली

सुगी घरी आली म्हणजे आपल्या मंडळ्यांतून उपकारस्तुतीची उपासना होते, हे आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊकच आहे. वेदीपुढे जोंधळ्याची कणसे, बाजरीची पाटी, भोपळे, अंडी, क्वचित पाय बांधलेला एखादा कोंबडाही असतो, आणि लहान मुलांचे लक्ष उपदेशापेक्षा त्या कोंबड्याकडेच अधिक लागलेले असते. हल्लीच्या स्वरूपात ही उपासना फार जुनी नाही. इंग्लंडात कॉर्नवॉल प्रांती मॉर्वेनस्टो ह्या गावी रॉबर्ट स्टीफन हॉकर नावाचे पाळक होते. त्यांनी १८४३ साली आपल्या मंडळीस सुगीचे उपकार मानावयास बोलाविले, आणि पुढे ती चाल सर्वत्र पसरत गेली. परंतु तिचे मूळ पवित्र शास्त्रात आहे. त्या मुळाकडे पाहिले म्हणजे उपकार मानणे हा नुसता मनाचा उमाळा नसून शिकून घेण्याचा धडा आहे, असे दिसून येते.

प्रथम त्या देशाची शेती कशी होती ते पाहू. मिसरातील शेतकऱ्यास नील नदीचा आधार होता. कनानातील शेतकऱ्यास आकाशावाचून दुसरा आधार नव्हता. अनुवादाच्या ११ व्या अध्यायात हा भेद स्पष्ट सांगितला आहे. आपल्या जिरायती मुलखातील पालकांस तो अधिक फोड करून सांगण्याची गरज नाही. आपल्या भाषांतरकारांनी तेथील दोन पावसांस आगोटीचा व वळवाचा अशी आपलीच नावे दिली. मात्र वाचणाराने एक ध्यानात ठेवावे की, आपल्याकडे वळीव आगोटीच्या आधी पडतो, आणि तेथला वळवाचा पाऊस हंगामाच्या शेवटी, कणसात दाणा भरण्याच्या वेळी येतो. तो चुकला की हाताशी आलेले पीक जाते. १९०८ साली गेजेर येथे उत्खननात चुनखडीची एक लहानशी पाटी सापडली. ती सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची आहे. पेरणीचे दोन महिने, मागास पेरणीचे दोन, सातूच्या कापणीचा एक, असा शेतकऱ्याचा सगळा वर्षक्रम तीवर कोरलेला आहे. कोणा शाळकरी मुलाने गिरविलेला हा धडा असावा, असे कित्येक विद्वानांचे मत आहे. तसे असेल तर ऋतुमान पाठ करण्याचा कंटाळा आमच्याच विद्यार्थ्यांस प्रथम आला, असे समजण्याचे कारण नाही!

आता टोपलीविषयी. अनुवादाच्या २६ व्या अध्यायात आज्ञा आहे की, भूमीच्या पहिल्या उपजातून काही टोपलीत घालून शेतकऱ्याने ती याजकाकडे न्यावी, आणि तेथे उभे राहून काही बोलावे. काय बोलावे हेही नेमून दिले आहे. त्यात पिकाचे वर्णन नाही, की आपल्या श्रमांचा उल्लेख नाही. आपला पूर्वज घरदार नसलेला अरामी होता, तो थोड्या माणसांनिशी मिसरात गेला, तेथे आमचा छळ झाला, आम्ही आरोळी केली, देवाने आम्हांस सोडवून ह्या देशात आणिले, हे तो सांगतो. आणि सरतेशेवटी, म्हणून मी हे फळ आणिले आहे, इतकेच म्हणतो. हे बोलणारा मनुष्य कित्येक पिढ्यांनंतर जन्मलेला असे. मिसराची वीट त्याने हाती धरलेली नसे. तरी तो ‘आमचा छळ झाला’ असेच म्हणे. ज्यास आपल्या वाडवडिलांची गरिबी आठवते त्यालाच भरल्या कणगीचा अर्थ कळतो. आणि ज्या घराने दुष्काळ पाहिला आहे, त्या घरच्या मुलांनी वसतिगृहात भाकरीचा तुकडा ताटात टाकून उठावे, ह्यात आम्हांस तरी विस्मृतीच दिसते.

ह्या विधीची पुढची हकीकत ‘मिश्ना’ ह्या यहूदी ग्रंथात आहे. हा ग्रंथ इसवी सन २०० च्या सुमारास संकलित झाला. अंजिराच्या झाडावर पहिले फळ धरलेले दिसले की, धनी त्यास लव्हाळ्याची काडी बांधी आणि हे प्रथमफळ होय असे म्हणे. म्हणजे हिशेब होऊन उरले त्यातून देणे नव्हे, तर पीक हाती येण्यापूर्वीच देवाचा वाटा वेगळा करणे. आमच्या मते आत्मिक वाढीचा आरंभ अशाच लहान गोष्टींत असतो. मार्काच्या ४ थ्या अध्यायातील दाखल्यात शेतकरी रात्री निजतो, दिवसा उठतो, आणि बी कसे वाढते हे त्याचे त्यासही कळत नाही. तसेच ही काडी वर्षानुवर्षे बांधणाऱ्याच्या अंतःकरणाचे होते.

पुढे लोक पावा वाजवीत यरुशलेमास जात. मंदिराच्या टेकडीवर आले म्हणजे अग्रिप्पा राजासुद्धा आपली टोपली स्वतःच्या खांद्यावर घेई. परंतु एक अडचण उत्पन्न झाली. ज्यांस ते नेमलेले बोल येत ते स्वतः म्हणत, आणि ज्यांस येत नसत त्यांस दुसरा कोणी सांगे व ते त्याच्यामागून म्हणत. तेव्हा न येणाऱ्यांस लाज वाटू लागली, आणि त्यांनी फळे आणणेच सोडले. मग असा नियम करण्यात आला की, येत असो वा नसो, सर्वांसच सांगावे आणि सर्वांनीच मागून म्हणावे. हा एवढासा नियम आम्हांस मोठमोठ्या यज्ञयागांहून थोर वाटतो. शहाण्याने आपले शहाणपण थोडा वेळ बाजूस ठेविले, म्हणून अडाण्याची टोपली पुन्हा मंदिरात आली.

आपल्या उपासनेतही अशी लाज उत्पन्न होण्याची जागा आहे. अर्पण आलेल्या जिनसांचा शेवटी लिलाव होतो. त्याने मंडळीच्या कार्यास साह्य होते, आणि त्यात गंमतही असते. परंतु एका भोपळ्यासाठी दोघे सधन गृहस्थ इरेस पडून किंमत चढवू लागले, आणि कोणी किती दिले ह्याचाच पुकारा होऊ लागला, म्हणजे मूठभर मटकी पदराआड आणणारी विधवा कोठे तरी मागे सरते. पालकांनी ह्याचा विचार करावा, असे आम्ही आदरपूर्वक सुचवितो.

गरिबाचा मान राखून त्यास देण्याची रीत शास्त्राने शेतातच घालून दिली आहे. लेवीयाच्या १९ व्या अध्यायात शेताचे कोपरे कापू नयेत आणि सरवा वेचू नये, असे आहे. ते गरिबासाठी व उपऱ्यासाठी राहू द्यावे. कोपरा केवढा ठेवावा ह्यास मूळ आज्ञेत माप नाही. मिश्नाने तो निदान साठावा हिस्सा असावा असे ठरविले. पेंढी शेतात विसरून राहिली तर ती आणण्यास परत जाऊ नये, अशीही आज्ञा आहे. ही आज्ञा ठरवून पाळता येत नाही. आधी विसरावेच लागते! कोपऱ्यात गरीब मनुष्य कोणाच्या दारी उभा राहत नाही. तो स्वतःच्या हातांनी मिळवितो. मवाबी रूथ बवाजाच्या शेतात दिवसभर राबली, आणि तिने झोडून काढलेले सातू एफाभर, म्हणजे सुमारे बावीस लिटर, भरले. जेवणातून उरलेले तिने सासूसाठी राखून नेले, हेही ग्रंथकर्त्याने टिपून ठेविले आहे.

शेवटी ज्यांचे शेत यंदा पिकले नाही त्यांजविषयी. प्रत्येकाने मिळालेल्या आशीर्वादाच्या मानाने द्यावे, असे अनुवादाच्या १६ व्या अध्यायात आहे. तेव्हा रिकाम्या खळ्यावरून कोणी भरली पाटी मागत नाही. हबक्कूक संदेष्ट्याच्या शेवटच्या अध्यायात अंजीर, द्राक्षे, जैतून, शेत, मेंढवाडा, गोठा ह्या सर्वांच्या रितेपणाची यादी आहे, आणि तरी तो देवाच्या ठायी आनंद करीन म्हणतो. दुःख झालेच नाही असा आव त्याने आणिलेला नाही. त्याच्याच आधीच्या वचनात आपले अंग कापते, पाय लटपटतात, असे तो सांगतो. तेव्हा अशा घरच्या आईबापांनी मुलांस घेऊन ह्या वर्षीही उपासनेस यावे, आणि पुढच्या बाकांवर बसावे.