दारावरचा दिवा मालवू नकोस

काल फोनवर तू म्हणालीस, "ताई, 31 ऑक्टोबरला आम्ही सरळ दिवे मालवून आत सिनेमा बघत बसणार. कोण ती भुतं नि कोण ती चॉकलेटं!" मागून तुझ्या सासूबाईंचा आवाज येत होता, म्हणून तेव्हा काही बोलले नाही. आता निवांत लिहिते.

मालवायचे तर मालव गं, कोणी काही म्हणणार नाही. हॅलोवीनच्या रात्रीची खूणच ती आहे. दारावरचा दिवा लागलेला असेल तर या, नसेल तर पुढच्या घरी जा. मुलं हे इमानेइतबारे पाळतात. पण तू उन्हाळ्यात अपार्टमेंट सोडून त्या गल्लीत राहायला गेलीस आणि अजून डावीकडच्यांचं नाव तुला ठाऊक नाही. तुझा दोष नाही त्यात. इथे माणसं गाडीतून गराजमध्ये आणि गराजमधून घरात. सगळी गल्ली आपल्या पायांनी तुझ्या पायऱ्या चढून येणार, अशी वर्षातून ही एकच संध्याकाळ. ती घालवू नकोस, एवढंच माझं म्हणणं.

सासूबाईंना भुताखेतांचं वावडं आहे, ते समजू शकते. वाद घालत बसू नकोस. सण मूळचा आयर्लंड-स्कॉटलंडकडचा, हिवाळ्याच्या तोंडावरचा. आयरिश लोक 19व्या शतकात इकडे अमेरिकेत आले, ते हा घेऊनच आले. तिकडे सलगम कोरायचे, इथे त्यांना भोपळा सापडला. घरोघर जाऊन खाऊ मागण्याचं प्रस्थ तर त्या मानाने कालपरवाचं. 1920-30च्या दशकांत पोरं या रात्री इतका धुडगूस घालायची की मोठ्यांनीच खाऊ देऊन त्यांना गप्प करायची वाट काढली. दुसऱ्या महायुद्धात साखरेचं रेशनिंग आलं तेव्हा हे थंडावलं, आणि 1947 साली रेशनिंग उठल्यावर जे सुरू झालं ते आजतागायत चालू आहे. यातलं काही सासूबाईंना सांगितलं नाहीस तरी चालेल. एवढंच म्हण की संक्रांतीला पोरं डबा घेऊन तिळगूळ गोळा करत फिरायची, तसंच आहे हे, फक्त तोंडाला रंग फासलेला. मग पोर्चमध्ये खुर्ची टाक, अंगावर शाल दे आणि कँडीचा बोल त्यांच्या मांडीवर ठेव. तुझ्या लेकीबरोबर तुम्हा दोघांपैकी एकाला बाहेर जावंच लागणार, म्हणजे दारात माणूस हवंच. आणि लिहून ठेव, अर्ध्या तासात त्या प्रत्येक भुताला "थंडी नाही वाजत का रे?" असं मराठीतून विचारायला लागतील.

धुडगूस मात्र न्यू जर्सीने पुरता सोडलेला नाही, आदल्या रात्रीवर ढकललाय. 30 तारखेला इकडे मिस्चिफ नाइट म्हणतात. झाडांवर टॉयलेट पेपरच्या झिरमिळ्या, गाड्यांवर अंडी. दरवर्षी होतं असं नाही, पण त्या रात्री गाडी गराजमध्ये घाल आणि भोपळे आत घे. गाडीवर अंडं फुटलंच तर वाळायच्या आत धू, ते रंग खातं. तुमच्या वेस्ट विंडसरच्या नावावर तर याहून मोठा खोडसाळपणा जमा आहे. 1938 साली याच 30 ऑक्टोबरला ऑर्सन वेल्सने रेडिओवर मंगळावरच्या स्वारीचं नाटक बातम्यांच्या थाटात सादर केलं. त्यात मंगळवासी उतरले ते तुमच्या ग्रोव्हर्स मिलमध्ये! ऐकणाऱ्यांपैकी काहींना ते खरंच वाटलं. घबराट किती झाली, ते मात्र वर्तमानपत्रांनी फुगवून सांगितलं. तिथल्या पार्कात त्याचं स्मारक आहे, लेकीला एकदा दाखवून आण.

आता खरेदी. किती आणायचं हे मला विचारू नकोस, समोरच्या घरी विचार. एका गल्लीत वीस मुलं येतात, तर पलीकडच्या गल्लीत गाड्या भरभरून पोरं येऊन उतरतात. तेवढ्या निमित्ताने समोरच्यांशी दोन शब्द होतील, हा माझा कावा. फन साइझच्या मिसळीची मोठी पाकिटं कॉस्टकोत मिळतात. सप्टेंबरमध्ये आणून ठेवू नकोस, घरातलीच माणसं फस्त करतील. आणि स्वतःला न आवडणारं आण, म्हणजे उरलं तरी जीव अडकणार नाही.

तुमच्या घरी अंडंसुद्धा चालत नाही, म्हणून हे नीट वाच. गमी बेअर, मार्शमेलो, कँडी कॉर्न यांत बहुधा जिलेटिन असतं, म्हणजे जनावराच्या हाडा-कातड्याचं. इथल्या स्टारबर्स्टमध्येही असतं. स्निकर्स आणि मिल्की वेच्या आतल्या मऊ थरात अंड्याचा पांढरा बलक असतो, हे आपल्या पुष्कळ लोकांच्या गावीही नसतं. साधं हर्शीज किंवा किटकॅट आणलंस की दोन्ही प्रश्न मिटले. हे झालं तुझ्या घरातल्या खाण्यापुरतं. येणाऱ्या मुलांच्या बाबतीत खरी भीती शेंगदाण्याची. इथे किती मुलांना त्याची अ‍ॅलर्जी असते, ते तू शाळेच्या पत्रांवरून बघतेच आहेस. 2014 पासून एक चांगली पद्धत देशभर पसरली आहे. मोरपिशी रंगवलेला भोपळा दारात दिसला की समजायचं, या घरी खाऊऐवजी खेळणीही मिळतील. पेन्सिली, स्टिकर, अंधारात चमकणाऱ्या कांड्या. त्यांचा बोल मात्र वेगळा ठेव. चॉकलेटांत मिसळून ठेवल्यास उपयोग शून्य.

बोल पायरीवर ठेवून "एकच घ्या" अशी पाटी लावणारे लोक आहेत. पहिलीच टोळी बोल रिकामा करते, मग पाटी तेवढी राहते. आणि आठच्या पुढे येतात ती मिसरूड फुटलेली पोरं. अंगात रोजचाच हूडी, हातात उशीचा अभ्रा. कित्येक जण त्यांना हाकलतात. मला ते पटत नाही. चौदा वर्षांचा मुलगा त्या रात्री आणखी काय काय करू शकतो, त्यापेक्षा तुझ्या दारात चॉकलेट मागतोय हे बरंच की! त्यांनाही दे, हसून दे. खाऊ संपला किंवा तू दमलीस की दिवा मालव. तेवढं पुरतं, कोणाची माफी मागायची गरज नाही.

लेकीचा पोशाख ठरव आधी. स्पिरिट हॅलोवीनची दुकानं ऑगस्टपासून रिकाम्या गाळ्यांत उगवतात, तिथे एल्सा नि स्पायडरमॅन रांगेने टांगलेले असतात. तसला पोशाख घ्यायला हरकत काहीच नाही, पण माझ्या डोक्यात वेगळंच आहे. तिला भोपळ्यातली म्हातारी कर. इथे सगळे भोपळे कोरतात, पण भोपळ्यात बसून लेकीकडून परत येणारी म्हातारी आपल्या गोष्टीतली! मोठा खोका घे, दोन्ही तळ काढून टाक, कोपरे आत दाबून चिकटपट्टीने गोल कर आणि केशरी रंग दे. आतून दोन रुंद नाड्या लावून तिच्या खांद्यांवरून घे. डोक्याला कापसाचा अंबाडा, काचा काढलेला चष्मा, हातात काठी. मात्र समोरची कड गुडघ्याच्या बरीच वर काप. मुलांना खोक्यातून स्वतःचे पाय दिसत नाहीत आणि इथल्या पोर्चना पायऱ्याच पायऱ्या. पोशाख झाला की घरच्या जिन्यावर दोनदा चढव-उतरव. तोंडाला मुखवटा नकोच, चेहऱ्यावर सुरकुत्या काढ, डोळे मोकळे राहू देत. आतून थर्मल घाल. नाहीतर ऐन वेळी बाहेर गारठा असतो, आणि जाकीट चढवलं की म्हातारी गडप.

एक मत सांगते, पटलं तर घे. दुसऱ्या कुठल्या समाजाचा वेश म्हणून वेश नको. मूळ रहिवाशांचा पिसांचा मुकुट वगैरे तर मुळीच नको, त्यांना ते लागतं आणि लागायलाच हवं. आपल्याकडची काही मुलं शिवाजी महाराज होतात. शिवजयंतीला खुशाल व्हावं. पण त्या रात्री आजूबाजूला सांगाडे आणि चेटकिणी, मध्येच महाराज, हे मला रुचत नाही. माझी मुलगी म्हणते मी उगाच मनाला लावून घेते. असेल.

शेजारी तुला चॉकलेटांत ब्लेड, विष असल्या गोष्टी सांगतील. डेलावेअर विद्यापीठाचे समाजशास्त्रज्ञ जोएल बेस्ट यांनी वर्षानुवर्षं असल्या बातम्या तपासल्या. अनोळखी माणसाने घरोघर वाटलेल्या खाऊतून मूल दगावल्याचं किंवा गंभीर जखमी झाल्याचं एकही सिद्ध प्रकरण त्यांना मिळालं नाही. 1974 साली टेक्सासमध्ये एक मुलगा विषाने गेला खरा, पण ते विष त्याच्या सख्ख्या बापाने विम्याच्या पैशांसाठी घातलेलं होतं. तेव्हा फाटलेलं वेष्टन दिसलं तर टाकून दे आणि पुढे हो. जीव मुठीत धरायचाच असेल तर तो गाड्यांसाठी धर. 1975 ते 2016 या 42 वर्षांच्या नोंदींवरून निघालं की या संध्याकाळी पायी चालणाऱ्यांच्या अपघाती मृत्यूचा धोका आसपासच्या संध्याकाळींपेक्षा 43 टक्क्यांनी जास्त असतो, आणि लहान मुलांचा तर फारच. सूर्य सहाच्या आधीच मावळतो. खोक्याच्या मागेपुढे चमकती पट्टी चिकटव, हातात टॉर्च दे आणि रस्ता कोपऱ्यावरच ओलांडा. एक बाजू पुरती संपवायची, मग दुसरी. समोरच्या घराचे दिवे दिसले की मुलं मध्येच धाव घेतात, तिथे हात धरलेला असू दे.

पणत्यांचंही सांगून ठेवते. 2024 साली नरकचतुर्दशी नेमकी 31 ऑक्टोबरला आली आणि आपल्या पुष्कळ घरांच्या पायरीवर पणत्या नि भोपळे शेजारी बसले. दिसतं फार गोड. पण झुळझुळीत झगे घातलेली पोरं त्याच पायऱ्या चढतात. दिवाळी जवळ असली तर खऱ्या ज्योती घरात किंवा उंचावर ठेव. भोपळ्यातही बॅटरीचाच दिवा. आणि भोपळा एक-दोन दिवस आधीच कोर. आठवडाभर आधी कोरलास तर सण येईतो त्याला बुरशी लागेल, आणि उरलेला खारी नेतील. कोरायच्या भोपळ्याचा गर पाणचट नि धाग्यांचा असतो, त्याचे घारगे करायला जाऊ नकोस. घारग्यांसाठी छोटा पाय पम्पकिन आण. बिया मात्र टाकू नकोस, तिखटमीठ लावून ओव्हनमध्ये भाज.

लेक दारात लाजेल. "ट्रिक ऑर ट्रीट" तोंडातून फुटणार नाही, मागे तुझ्या पायांत शिरेल. शिरू दे. पहिली दोन घरं तू म्हण, तिसऱ्याला ती म्हणेल आणि पाचव्याला तुला मागे थांब म्हणून सांगेल. बोलमध्ये हात घालायच्या आधी विचारायचं आणि निघताना थँक्यू म्हणायचं, एवढंच घरून शिकवून ने. तू पायवाटेवर उभी असशील तेव्हा इतर आया तिथेच उभ्या असतील. तिथेच नावं विचार, तिथेच नंबर घे.

घरी आल्यावर पिशवी जमिनीवर पालथी घाला. जिलेटिनचं एकीकडे, अंड्याचं एकीकडे, शेंगदाण्याचं एकीकडे. नको ते मैत्रिणींशी अदलाबदल करायला मुलांना फार आवडतं, मुलं सौदेही चोख करतात. उरलेल्या ढिगाचं ओझं झालं तर काही दंतवैद्य ते मुलांकडून विकत घेऊन सैनिकांना पाठवतात, तुमच्याकडे तशी सोय आहे का ते विचार. आणि आई-बाबांचा वाटा आधीच काढून ठेव, तो कर समज.

खोका डायपरचा चालेल, पण टीव्हीचा मिळाला तर उत्तम. तिची खांद्यापासून गुडघ्यापर्यंतची उंची मोजून आज रात्री मेसेज कर. म्हातारीसाठी लहान नऊवारी माझ्याकडे पडून आहे, शनिवारी टाके घालून पोस्टात टाकते.