कोडे घाला, मुलांना बोलते करा



आम्ही बँकेत कारकुनी करतो. दिवसभर आकड्यांशी गाठ असते. परंतु रविवारी सकाळी वस्तीतल्या पहिली ते चौथीच्या मुलांना जमवून तासभर शिकवण्याचा परिपाठ आम्ही बरीच वर्षे ठेवला आहे. या तासाला ना फळ्याचा खर्च, ना पुस्तकांचा. आमचे मुख्य साधन म्हणजे कोडी आणि शब्दांचे खेळ. त्यांचा उपयोग कसा करावा, हे थोडक्यात सांगावे असा या लेखाचा हेतू आहे.

कोडे म्हणजे काय?

एखाद्या वस्तूचे नाव न घेता तिच्या खुणा सांगायच्या आणि नाव ओळखायला लावायचे, म्हणजे कोडे. जुन्या मराठीत यालाच उखाणा म्हणत. आज उखाणा म्हटला की लग्नात नाव घेणे एवढेच आपल्याला आठवते. पण कोडे हा त्या शब्दाचा जुना अर्थ आहे.

आपल्या मराठवाड्यात या ठेव्याला विशेष महत्त्व आहे. १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. राजभाषा उर्दू होती. १९१८ मध्ये हैदराबादेत स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते. आपल्या आज्या-पणज्यांपैकी बहुतेकींनी शाळेचे तोंड पाहिले नाही. मग त्यांची मराठी कोठे घडली? जात्यावर, शेतात, आणि रात्री अंगणात घातलेल्या कोड्यांत. ज्या आजीला सही येत नाही, तिला दहा-वीस कोडी सहज येतात. म्हणजे शिक्षक आपल्या घरातच बसलेला आहे.

प्राचीन परंपरा

मुलाला प्रश्न घालून शिकवणे ही आपल्याकडे फार जुनी रीत आहे. पाली खुद्दकपाठात ‘कुमारपञ्ह’ म्हणजे कुमाराला विचारलेले प्रश्न आहेत. एक म्हणजे काय, दोन म्हणजे काय, असे दहापर्यंत विचारत जातात आणि प्रत्येक आकड्याला धम्मातील एकेक गोष्ट जोडलेली आहे. चार म्हटले की चार आर्यसत्ये, आठ म्हटले की अष्टांगिक मार्ग. परंपरेनुसार ही उत्तरे देणारा सोपाक सात वर्षांचा होता.

महाउम्मग्ग जातकातील महोसध हाही लहान मुलगाच. मिथिलेच्या राजाने त्याची परीक्षा पाहण्यासाठी खैराची एक सारखी तासलेली काठी पाठविली. हिचा बुडखा कोणता आणि शेंडा कोणता, हा प्रश्न. महोसधाने काठीच्या मध्यभागी दोरा बांधून ती पाण्यात सोडली. बुडख्याचे लाकूड जड, म्हणून ती बाजू आधी बुडाली. येथे ध्यानात घेण्यासारखी गोष्ट ही, की महोसधाने नुसते उत्तर दिले नाही, कारणही दाखविले. आमच्या मते कोड्याचा सगळा फायदा या कारणात आहे.

वस्तूंची कोडी

आम्ही मुलांसाठी स्वतःच काही कोडी जुळविली आहेत. पहा :

१) हिरव्या मुठीत झाकलं काय? मूठ उघडली, पांढरी साय. (कापसाचे बोंड)

२) दुपारी पायाशी, सांजेला लांब, सोबत चालते, म्हणत नाही थांब. (सावली)

३) उलटे लिहिले, सुलटे उमटे, एका टोल्यात नाव प्रकटे. (रबरी शिक्का)

४) काळ्या रानात पांढरी वाट, चालणाराची झिजते पाठ. (फळ्यावरचा खडू)

या चौथ्या कोड्याची एक हकिगत सांगितलीच पाहिजे. वर्गात तिसरीतली एक मुलगी येत असे. ती कधी तोंड उघडत नसे. हे कोडे घातले त्या दिवशी ती एकदम म्हणाली, “आमची माय.” सगळी मुले हसली. आम्हीही क्षणभर ‘चूक’ म्हणणार होतो. पण नेहमीच्या सवयीने विचारले, “ते कसं काय, बाई?” ती म्हणाली, “काळ्या रानात कापूस फुटल्यावर पांढरी वळ दिसती. माय त्याच्यातून येचत जाती. पाठ गेली म्हनती.”

मुले गप्प झाली. खडू हे आमचे उत्तर होते. माय हे तिचे. दोन्ही उत्तरे कोड्याला लागू पडत होती, आणि खरे सांगायचे तर तिचे अधिक. पुढल्या रविवारी ती मुलगी आजीकडून दोन कोडी शिकून आली आणि उभी राहून तिने ती सर्वांना घातली.

त्या दिवसापासून आम्ही एक नियम पाळतो. उत्तर कोणतेही येवो, ‘चूक’ म्हणायच्या आधी ‘कसे काय?’ विचारायचे. ज्या घरात पहिल्यांदाच पाटी आली, त्या घरच्या मुलाला चुकण्याची फार भीती असते. ही भीती गेली नाही, तर हुशार मूलसुद्धा मागच्या बाकावर मुके राहते.

अक्षरांची कोडी

यासाठी आपल्या नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतील गावांची नावेच पुरेशी आहेत. गावाचे नाव फळ्यावर लिहावे आणि एखादे अक्षर हाताने झाकावे.

लातूर – पहिले अक्षर झाकले की ‘तूर’ राहते. लातूरची बाजारपेठ तुरीसाठी प्रसिद्ध आहेच.
चाकूर – शेवटचे अक्षर झाका, भाजी चिरायला ‘चाकू’ मिळेल.
कंधार – पहिले अक्षर झाका, विळ्याला ‘धार’ लागेल.
मुखेड – पहिले झाकले तर ‘खेड’ म्हणजे लहान गाव. एका गावात दुसरे गाव!
किनवट – मागची दोन अक्षरे वाचा, वडाचे झाड म्हणजे ‘वट’ दिसेल.

नुकतेच वाचायला लागलेले मूल अशाने अक्षर अन् अक्षर निरखू लागते. नकाशातले तालुकेही पाठ होतात, ते वेगळेच.

दुसरा खेळ उलट वाचण्याचा. मराठीत उलट वाचताना काना-मात्रा आपल्या अक्षराला सोडत नाही, हे मुलांना आधी सांगावे. मग ‘खरा’ उलटला की ‘राख’, ‘सदा’चे ‘दास’, ‘मका’चे ‘काम’ आणि ‘रवा’चा ‘वार’ होतो. आमच्या बँकेतला शब्द ‘जमा’. तो उलटला की ‘माज’! मोठी माणसेही यावर हसतात. कडक, नवीन, जहाज, मलम, समास हे शब्द कोणीकडूनही वाचले तरी तेच राहतात. असे आणखी शब्द शोधून आणण्यास मुलांना सांगावे.

दुहेरी अर्थाची कोडी

एकच शब्द, अर्थ अनेक. माध्यमिक शाळेत यालाच श्लेष अलंकार म्हणून शिकवतात. परंतु दुसरीतल्या मुलालाही तो समजतो. ‘झाडाला असते, वहीलाही असते, आजोबा जेवणानंतर खातात’ – ते काय? पान. ‘नवरदेवही मीच, खाली नाही तिकडेही मीच’ – वर. ‘शिकवितात तोही मी, थापटतात तीही मी’ – पाठ. नांदेड जिल्ह्यातले भोकर हे गाव, भोकर हे झाड आणि त्याच्याच फळांचे लोणचे. त्याचे पहिले अक्षर झाकले तर ‘कर’ राहते. कर म्हणजे हात, कर म्हणजे सरकारात भरायची रक्कम, आणि ‘अभ्यास कर’ यातलाही कर.

आकड्यांचे कोडे

भास्कराचार्यांनी ११५० मध्ये पूर्ण केलेल्या ‘सिद्धान्तशिरोमणी’ ग्रंथात ‘लीलावती’ हा भाग आहे. त्यात भुंगे, हंस अशा मनोरंजक उदाहरणांतून गणित घातले आहे. आमचे कोडे साधे आहे. एका माणसाला शंभर रुपयांची मोड हवी. नोटा बरोबर दहाच पाहिजेत. पाच, दहा आणि वीस या तिन्ही प्रकारच्या नोटा त्यात आल्याच पाहिजेत. तर कशा द्याल?

मुले कागदाचे तुकडे करून नोटा मांडतात. एकाचे उत्तर दुसऱ्याशी जुळत नाही, म्हणून भांडतातही. शेवटी लक्षात येते की तीन उत्तरे निघतात आणि तिन्ही बरोबर आहेत.

एक पथ्य

सर्वच जुनी कोडी चांगली असतात असे नाही. कोणाच्या रंगावर, शरीरातील व्यंगावर, जातीवर किंवा धंद्यावर हसणारी कोडीही चालत आलेली आहेत. आम्ही लहान असताना एका वर्गात असेच एक कोडे घातले गेले. उत्तर आम्हाला येत होते, तरी आम्ही हात वर केला नाही. कारण त्या उत्तरात आमच्याच घरची माणसे होती. सगळा वर्ग हसला. ते हसू आजही कानांत आहे. म्हणून आजीकडून आलेले प्रत्येक कोडे आधी पारखून घ्यावे. ज्याने एकही मूल मान खाली घालील, ते वर्गात आणू नये.

अभ्यास

१) घरातील वडीलधाऱ्यांना विचारून पाच कोडी वहीत लिहा. कोणी सांगितले, तेही लिहा.
२) ‘जळकोट’ या नावात किती शब्द आणि किती अर्थ सापडतात?
३) मान, हार, तीर या शब्दांचे दोन-दोन अर्थ सांगून प्रत्येकावर एक कोडे तयार करा.
४) शंभर रुपयांच्या मोडीची तिन्ही उत्तरे काढा.

उत्तरे : २) जळ म्हणजे पाणी, जळ म्हणजे पेट, कोट म्हणजे किल्ला, अंगात घालायचा कोट आणि कोटी ही संख्या. ३) मान – गळ्याचा भाग व सन्मान, हार – फुलांची माळ व पराभव, तीर – नदीचा काठ व बाण. ४) पाचाच्या २, दहाच्या ७, विसाची १, किंवा पाचाच्या ४, दहाच्या ४, विसाच्या २, किंवा पाचाच्या ६, दहाची १, विसाच्या ३.

शेवटी पालकांना एवढीच विनंती, की रात्री जेवणे झाल्यावर दहा मिनिटे मुलांना कोडी घाला आणि त्यांची कोडी ऐका. उत्तर चुकले तर रागावू नका, ‘कसे काय?’ विचारा. शाळेत न गेलेल्या आजीला त्या दहा मिनिटांपुरते गुरुजी होऊ द्या. आज घरात निर्भयपणे उत्तर देणारे मूल उद्या वर्गातही हात वर करील.