बांधीतील धान व वाडीतील भाजी : जमिनीचा सामू कसा ओळखावा व कसा सुधारावा

भंडारा जिल्ह्यातील भाजीपाला करणाऱ्या कास्तकारापुढे पुष्कळदा एक कोडे उभे राहते. ज्या बांधीत खरिपाचे धान समाधानकारक पिकते, त्याच बांधीत पाणी निघून गेल्यावर कोबी, पालक किंवा वाटाणा केला असता रोपे खुरटतात, मुळे आखूड राहतात आणि खत देऊनही पीक उभारी धरीत नाही. मग दोष बियाण्यास दिला जातो, पुढील वर्षी खताची मात्रा वाढविली जाते, आणि कर्जात मात्र भर पडते. रोग, कीड व निचऱ्याचा अभाव ही कारणे असतातच. परंतु डोळ्यांस न दिसणारे व अल्प खर्चात तपासता येणारे एक कारण जमिनीचा सामू हे होय. त्याचाच विचार या पाठात करावयाचा आहे.

सामू म्हणजे काय

जमिनीची आम्लता अथवा विम्लता ज्या अंकाने सांगतात त्यास सामू म्हणतात. कोपनहेगन येथील कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेतील रसायनशास्त्रज्ञ सोरेन्सन यांनी हे माप १९०९ साली प्रचारात आणले. ७ हा अंक उदासीन. त्याखालील जमीन आम्ल व त्यावरील विम्ल समजावी. या मापाची एक पायरी दहापटीची असते, हे विशेष ध्यानात ठेवावे. ६.५ सामूच्या जमिनीपेक्षा ५.५ ची जमीन दहापट आम्ल असते. म्हणून एका अंशाचा फरक क्षुल्लक मानू नये.

बहुतेक भाज्यांस ६ ते ७.५ या दरम्यानचा सामू मानवतो. ५.५ च्या खाली गेल्यास मातीतील अ‍ॅल्युमिनियम विरघळून मुळांच्या कोवळ्या टोकांस अपाय करते. स्फुरद लोह व अ‍ॅल्युमिनियम यांच्याशी बद्ध होऊन पिकास दुर्लभ होते. आणि द्विदल पिकांच्या मुळांवर गाठी करणारे जिवाणू दुबळे होतात. उलटपक्षी ७.५ च्या वर लोह व जस्त यांची टंचाई पडून कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा मात्र हिरव्या राहतात. तात्पर्य, सामू बिघडलेला असताना घातलेल्या खताचा काही भाग मातीतच अडकून राहतो.

धानास हा दोष का जाणवत नाही

बांधीत पाणी साचले की मातीतील हवा संपते. अशा स्थितीत काही सूक्ष्मजंतू आपल्या श्वसनासाठी मातीतील लोहाच्या संयुगांचा उपयोग करतात व त्या क्रियेत आम्लता खर्ची पडते. यामुळे आम्ल जमीनही काही आठवड्यांत उदासीनतेकडे सरकते आणि अडकलेले स्फुरद काही अंशी मोकळे होते. पाणी उतरून जमिनीत हवा शिरली की आम्लता पूर्वपदावर येते. तेव्हा धान चांगले झाले एवढ्यावरून ती जमीन भाजीसही योग्य आहे असा निष्कर्ष काढणे सयुक्तिक नव्हे. पाण्याने झाकलेला दोष भाजीचे रोप उघडा करते.

आपल्या जिल्ह्यातील माती

कन्हार, मोरांड, खर्डी, सिहार, बरडी ही मातीची नावे आपल्या वाडवडिलांनी अनुभवाने ठरविली. एकाच गावच्या शिवारात पिवळट सिहार, लाल मुरमाड बरडी आणि काळी कन्हार अशा जमिनी आढळतात. पावसाने चुना धुऊन गेलेल्या हलक्या, लालसर व पिवळट जमिनी आम्लतेकडे झुकतात. चुनखडीचे खडे असलेल्या काळ्या जमिनी बहुधा विम्लतेकडे. अमोनियम सल्फेट व युरिया यांचा वर्षानुवर्षे वापर झाल्यासही आम्लता वाढते. परंतु रंग व नाव यांवरून केवळ अंदाज बांधता येतो, निर्णय करता येत नाही. शेजाऱ्याने चुना टाकला म्हणून आपणही टाकावा, ही रीत घातक आहे.

नमुना कसा घ्यावा

शेतातून नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणे निवडावीत. धुरा, उकिरडा, झाडाची सावली व नुकतेच खत पडलेली जागा वगळावी. प्रत्येक ठिकाणी वरचा काडीकचरा दूर करून वीतभर खोल इंग्रजी व्ही अक्षरासारखा खड्डा करावा व त्याच्या बाजूची माती वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीने खरवडून घ्यावी. सर्व माती एकत्र मिसळून तिचे चार भाग करावेत व समोरासमोरचे दोन टाकून द्यावेत. अर्धा किलो माती उरेपर्यंत असे करून ती सावलीत वाळवावी. वाडी व बांधी यांचे नमुने निरनिराळे ठेवावेत.

मृद आरोग्य पत्रिकेची योजना २०१५ साली सुरू झाली व तीत सामूसह बारा बाबी नोंदल्या जातात. मात्र योजनेच्या पहिल्या फेऱ्यांत बागायतीत अडीच हेक्टरांस व कोरडवाहूत दहा हेक्टरांस एक नमुना असे मान होते. त्या काळची पत्रिका घरात असल्यास तिच्यावरील अंक आपल्या वाडीचाच असेल असे नव्हे. यास्तव वाडीचा नमुना स्वतंत्रपणे तपासून घ्यावा. परीक्षणासंबंधी साकोली येथील कृषी विज्ञान केंद्रात विचारपूस करावी.

आम्ल जमिनीवर उपाय

सामू ५.५ हून कमी निघाल्यास चुना द्यावा. एका आरास, म्हणजे १०० चौरस मीटरांस, सामू अर्ध्या अंशाने चढविण्यास चुनखडीची बारीक भुकटी हलक्या रेताड जमिनीत सुमारे ६ ते ८ किलो व मध्यम पोयट्यात १० ते १२ किलो लागते. हे स्थूल मान होय; चिकण व सेंद्रिय अंश जितका अधिक तितका चुना अधिक लागतो, म्हणून परीक्षणाची शिफारस हाती असल्यास तीच प्रमाण मानावी. १०० किलो शुद्ध चुनखडीचे काम विरवलेला चुना ७४ किलोत व चुनकळी ५६ किलोत करते. चुनकळी कातडी व डोळे भाजते, यास्तव ती हाताळू नये हेच बरे.

लागवडीपूर्वी तीन-चार आठवडे भुकटी पसरून वीतभर मातीत मिसळावी व ओल राखावी. चुना आणि शेणखत किंवा युरिया एकाच वेळी देऊ नये. अमोनिया वायू उडून नत्राचा नाश होतो. पुन्हा चुना देण्यापूर्वी पुन्हा परीक्षण करावे.

चुलीतील लाकडाची राख आम्लता कमी करते व पालाशही देते. परंतु भातगिरणीतील तुसाच्या राखेस तेच गुण लावू नयेत. तिच्यात मुख्यत्वे सिलिका असते. आम्लता मारण्याचा गुण अत्यल्प. जिप्सम हेही चुन्याचे काम करीत नाही. त्यात कॅल्शियम आहे खरे, पण त्याने आम्ल जमिनीचा सामू चढत नाही.

विम्ल जमिनीवर उपाय

७.५ ते ८.५ सामूच्या, चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत गंधक टाकून सामू उतरविण्याचा खटाटोप बहुधा व्यर्थ जातो, कारण मातीतील चुना तयार होणारे आम्ल गिळून टाकतो. तेथे शेणखत व कंपोस्ट भरपूर द्यावे आणि परीक्षणात उणीव दिसल्यास झिंक सल्फेट द्यावे. कोवळी पाने पिवळी पडल्यास हिराकशीची अर्धा टक्का फवारणी उपयोगी पडते. ८.५ च्या वर सामू गेल्यास जमीन चोपण झाल्याचा संशय घ्यावा. तेथे मात्र निचरा करून जिप्सम देणे हा योग्य उपाय ठरतो.

ज्या जमिनीस चुना नको तीत तो टाकल्यास जस्त दुर्लभ होते आणि पुढील खरिपात धानाच्या पानांवर तांबूस ठिपके पडून पीक खुंटते. भाजीसाठी केलेला अविचार असा धानासही भोवतो.

धानाची कापणी होऊन बांधी मोकळी झाली व पाय टाकण्याजोगी वाळली, की खत पडण्यापूर्वी नमुना घेण्याची उत्तम वेळ असते. बियाण्याचा व खताचा खर्च ठरविण्यापूर्वी कास्तकार बंधूंनी सामूचा अंक हाती घ्यावा व वहीत वर्षासह लिहून ठेवावा, अशी आमची आग्रहाची सूचना आहे. ५.५ हून खाली असल्यास चुना, मधल्या अंकांत केवळ सेंद्रिय खत, आणि ७.५ च्या वर असल्यास चुन्याचे नावही नको, एवढे तारतम्य राखले तरी पुष्कळ पैसा वाचेल व जमीनही बिघडणार नाही.