जुना छोटा मालट्रक घेताना

२००५ साली बाजारात आलेला टाटा एस हा मालट्रक ‘छोटा हत्ती’ या नावाने खेडोपाडी परिचित आहे. असे वाहन जुने घेताना नव्या रंगास भुलू नये. इंजिन थंड असतानाच सुरू करावे. निळसर धूर सतत येत राहिल्यास तेल जळत आहे असे समजावे. किनारपट्टीत वापरलेल्या वाहनाची चासी खालून गंजली आहे काय, हे पाहावे. चासी क्रमांक नोंदणीपुस्तकाशी ताडावा. आठ वर्षांवरील मालवाहनास दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र, म्हणजेच पासिंग, लागते. त्याची मुदत तपासावी. कर्जाचा बोजा उतरल्याचा दाखला पाहिल्याविना पैसे देऊ नयेत. अन्यथा थकलेल्या हप्त्यांपायी वाहन आणि पुंजी दोन्ही गमावण्याची वेळ येते. खरेदीनंतर ३० दिवसांच्या आत मालकी हस्तांतरासाठी अर्ज करावा.